ओहोटीची धून

शेटलंडच्या त्या किनाऱ्यावर कुणी नवी धून वाजवली, की ती कुणाकडून घेतली ते सांगायची रीत होती. ऑस्लाच्या घरी नवी धून वाजवून रॅझमीने व्हायोलिन मांडीवर ठेवलं, पण ती कुणाची ते सांगितलं नाही.

"चोरलीस की काय रे?" ऑस्लाने चेष्टेनं विचारलं. तिचा मुलगा गिबी समुद्रात बुडाल्यापासून ती आज पहिल्यांदा हसली होती.

"नाही गं मावशी. ओहोटीला खडकांतून ऐकू येते. टेकडीतल्या भुतांची असेल."

"पुन्हा वाजव."

त्याने वाजवली. एका सुराशी बोट घसरलं, बारीक कण्हल्यासारखा आवाज आला आणि ऑस्लाचं हसू मावळलं. मासेमारीच्या दोरीने गिबीची करंगळी तुटली होती. म्हणून व्हायोलिनवर तो हा सूर असाच, शेजारचं बोट घसरवून गाठायचा.

"तुझी करंगळी तर धड आहे."

"धून येतेच तशी, मावशी. रोज थोडी जवळून."

त्याने गज खाली ठेवला. दाराबाहेर तोच सूर कण्हला.

ऑस्ला कडी काढायला धावली. रॅझमी दाराला पाठ लावून उभा राहिला. "समुद्राने नेलेलं परत घेऊ नये. तूच शिकवलंस ना?"

"सरक बाबा," ती रडत म्हणाली, "बाहेर गारठा आहे. पोर ओलंचिंब असेल."