जोडफोटो

डोंगर पुन्हा नाहीसा झाला.

परशुरामने कॅमेऱ्यावरच्या काळ्या कापडातून डोकं बाहेर काढलं आणि ढगांना एक शिवी हासडली. मघाशी पारसिकचा माथा लख्ख दिसत होता, तेव्हा सूर्याचा पत्ता नव्हता. आता सूर्य वर यायची वेळ झाली, तर खाडीपलीकडे नुसती राखाडी भिंत. त्यात भुरभुर सुरू झालेली. शिमगा तोंडावर आला असताना हा पाऊस कुठून उपटला कोण जाणे!

समोर कोपरीच्या मिठागराच्या बांधावर बायजा उभी होती. पदराचं टोक तिने मुठीत घट्ट धरलं होतं. तिचा दीर काळुराम अलीकडे बाभळीखाली विडी ओढत बसला होता.

परशुरामने खिशातून जुना फोटो काढून पुन्हा ताडून पाहिला. गेल्या शिमग्यात, निवडणुकांची धामधूम संपल्यावर, त्याने याच जागेवरून डोंगरावरचा सूर्योदय टिपला होता. नौपाड्यातल्या दुकानाच्या काचेत लावायला. ऐन वेळी एक मिठागरवाला खांद्यावर फावडं टाकून बांधावर आला, म्हणून तेव्हा तो चांगलाच चडफडला होता. तो मिठागरवाला म्हणजे बायजाचा नवरा, भिवा. पावसाळ्यात तापाने गेला. उभ्या जन्मात त्याचा हा एवढाच फोटो. नखाएवढा, आणि तोही पाठमोरा.

परशुरामचं निम्मं दुकान जोडफोटोंवर चाले. जिवंत असताना नवरा-बायकोने एकत्र फोटो काढायला लाजायचं आणि एक गेलं की दुसऱ्याने येऊन म्हणायचं, आम्हाला शेजारी बसवा. मग तो दोन फोटोंच्या निगेटिव्ह काचा जुळवून त्यांना शेजारी बसवी. पण हे काम कठीण होतं. डोंगर तोच हवा, सूर्य त्याच खिंडीतून यायला हवा, उजेडही तसाच. नाहीतर सांधा उघडा पडला असता. आणि जे व्हायचं ते आजच. दुपारी बायजाचा भाऊ तिला कायमचं माहेरी न्यायला येणार होता. पोरबाळ नव्हतं, इथे तिला कोणी ठेवून घेणार नव्हतं. जाताना तिने हा फोटो तेवढा मागितला होता.

"बाई, जरा डावीकडे," परशुराम ओरडला. "उजव्या हाताला त्यांची जागा सोडा."

बायजा सरकली. उजवीकडे माणूस मावेल एवढी जागा तिने सोडली आणि त्या जागेकडे एकदा बघून घेतलं.

"फोटो मोठा करेन ना, तेव्हा कपाळावर ब्रशने कुंकू काढून देतो," तो म्हणाला. "सगळ्याच जणी काढून घेतात."

"नको नको!" काळुराम विडी टाकून उठलाच. "तसला काय करू नको, मास्तर. आमाना गावान तोंड दाखवाचा हाय."

बायजाने पदराचं टोक मुठीत आणखी आवळलं. परशुरामला उगाच बोललो असं झालं. तो निमूट कापडात शिरला.

कॅमेऱ्याच्या मागच्या काचेवर उलटा डोंगर हळूहळू उजळू लागला. भुरभुर थांबली. ढग मधोमध फाटला आणि खिंडीच्या कडेला सोनेरी रेघ उमटली. अगदी गेल्या वर्षीसारखी.

"इकडे बघा! माझ्याकडे!"

बायजाने मान हलवली आणि डोंगराकडे तोंड केलं.

"अहो बाई, पाठ करू नका! चेहराच येणार नाही!"

"तो तरी कुठं तुझेकरं बगतो, दादा?" तिचा आवाज वाऱ्यावरून आला. "त्याचा तोंड डोंगराकरं. मी हिकरं आन तो तिकरं, असा कसा? लोकां बोलतील भांडन झालंय."

काळुराम हसला. परशुरामला हसू आलं नाही. वाद घालायला वेळही नव्हता. दुसरा ढग खाडीवरून सरकत येत होता. पाठमोऱ्या बायजाचा हात पदराच्या गाठीशी काहीतरी करत होता. मग तो कपाळाकडे गेला. पावसाचं पाणी पुसत असेल.

"आता हलू नका!"

सूर्य खिंडीतून वर आला. सगळं मिठागर क्षणभर पांढरंशुभ्र पेटलं. बांधावर ती एकटी, शेजारी तिने सोडलेली जागा. परशुरामने चाप दाबला.

"झालं! आला फोटो!"

ती लगेच वळली नाही. उन्हाकडे तोंड करून तशीच उभी राहिली. ढगाने सूर्य गिळला तेव्हा ती वळली आणि बांधावरून चालत येऊ लागली.

परशुरामने कापड बाजूला केलं आणि त्याचा हात तिथेच थांबला. तिच्या कपाळावर कुंकू होतं. चांगलं मोठं, ठसठशीत, नव्या नवरीने लावावं तसं.

काळुराम पाठ करून भिजलेली काडी पेटवायच्या खटपटीत होता. बायजाने त्याच्याकडे पाहिलं, मग परशुरामकडे. परशुरामने मान खाली घातली. तिथेच बांधाच्या कडेला ती खाली बसली, मीठ पिकवायच्या कुंडीतल्या खाऱ्या पाण्याची ओंजळ घेतली आणि कपाळ धुतलं. मग दुसरी ओंजळ घेतली. मग पदराने खसाखसा पुसलं.

ती जवळ आली तेव्हा कपाळ कोरं होतं आणि डोळे लालबुंद. डोळ्यांतून पाणी वाहत होतं.

"काय गं, रडतंस काय?" काळुरामने विचारलं. "झाला ना तुझ्या मनासारखा?"

"नाय," बायजा म्हणाली. "मिठाचा पानी हाय. डोल्यान गेला."