दुसऱ्या शिपायाची उडी

टाळ घडीभर मांडीवर ठेवा आणि जवळ सरका. येरमाळ्यातल्या एका उडीची गोष्ट सांगतो.

उमाशंकरनं संगणक सुरू केला आणि पडद्यावर निळी नदी वाहू लागली. चैत्रात येडाईदेवीच्या जत्रेत दादामियाँच्या तंबूत वाहायची, तीच. तंबू कधीच उठला, व्हिडिओ गेमचं मशीन भंगारात गेलं. पण उमाशंकरनं तो खेळ आठवून आठवून घरच्या संगणकावर पुन्हा उभा केला होता, थोरल्या बहिणीसाठी, राजेश्वरीअक्कासाठी. तिची नजर विझत चालली होती आणि डॉक्टरांनी हात टेकले होते. पुरता अंधार होण्याआधी अक्कानं ती नदी एकदा पाहावी, एवढंच त्याच्या मनात होतं. पारख करायला म्हातारे दादामियाँ मुद्दाम आले होते.

भाऊबहीण लहानपणीसारखे खेटून बसले. नेहमीप्रमाणं पहिला शिपाई त्याचा, दुसरा तिचा. नदी आली. त्याच्या शिपायानं उडी घेतली, पैलतीर गाठलं. अक्काचा काठावरच राहिला आणि मेला.

"चला, मी जाते पेढ्यांच्या पालावर. आप्पा वरडतील," अक्का हसली. जत्रेत तिचा शिपाई इथं मेला की ती अशीच उठून वडिलांच्या पालावर जायची.

"बघा चाचा, हुबेहूब!" उमाशंकर फुलला. "दुसऱ्याला उडी न्हाय. तेवढंसुद्धा सोडलं न्हाय मी."

दादामियाँनी कपाळावर हात मारला. "आरं येड्या, उडी दोघांनाबी व्हती! त्या बाजूचं बटनच मेलतं माझं. तू कधी तिकडं उभा राहिलास का? तुझ्या अक्काला ठावं व्हतं. म्या म्हणलं, पोरी, आलटून पालटून खेळा की. तर म्हणती कशी..."

"चाचा, गप बसा की," अक्कानं मधेच अडवलं.

"...म्हणती, त्याला सांगू नका. तो उडी मारताना लई खूश असतो."

उमाशंकरनं चष्मा काढून उगाच पुसला. मग दुसऱ्या शिपायाला उडी दिली. काम दोन ओळींचं.

"अक्का, हे बटन दाब."

"मला कुठं येतंय, तम्मा?" धाकट्याला ती अजून तम्माच म्हणे.

"दाब तर."

तिनं पडद्याला नाक टेकवलं, डोळे बारीक केले आणि दाबलं. शिपाई उडाला. नदी त्याच्या पायांखालून शांत वाहत राहिली. मग पैलतीरावरचं सगळं रान हिरवं होऊन अक्काच्या चेहऱ्यावर पसरलं.

"अगंबाई," ती हळूच म्हणाली, "इकडं असं असतं व्हय?"

आषाढात तिची नजर गेली. पण पैलतीर बघून गेली. मंडळी, येडाईपुढं हात जोडाल तेव्हा आमच्या राजेश्वरीअक्काची आठवण असू द्या.