निळ्या गाठी

"बारीक जाळ्यांत माशांची पिल्लंसुद्धा अडकतात. मग समुद्रात उरणार काय?" दादा बैठकीत घसा फोडून सांगत होता. "सगळ्यांनी बारीक जाळी माझ्याकडे द्या, मी स्वतः पेटवून देतो!"

कुणी जागचं हलेना. सख्खा भाऊ चारचौघांत तोंडघशी पडायला नको, म्हणून मीच उठले आणि बाबांचं जाळं त्याच्या टेम्पोत टाकलं. एकदा पांढरा दोरा संपला म्हणून मी ते निळ्या दोऱ्यानं सांधलं होतं. त्या गाठींवरून शेवटचा हात फिरवला. माझं बघून शेजारपाजारच्यांनीही आपापली जाळी दिली.

जाळी सांधणं हाच माझा धंदा. आज दादाच्या बोटीवरचा खलाशी एक फाटलेलं जाळं घेऊन आला. उलगडून बघते तर कोपऱ्यात माझ्याच निळ्या गाठी.

"हे कसं रे फाटलं?" मी विचारलं.

"पिल्लंच एवढी भरली, ताई, की वजनानं फाटलं." मग तो इकडेतिकडे बघत हळूच म्हणाला,



"घाईचं आहे म्हणून तुमच्याकडे आणलं, दादांना सांगू नका हं. ते म्हणाले होते, ताई सोडून कुणाकडेही ने."