दुसरा खोकला

त्या नोव्हेंबरात मी वसतिगृहातून ताप घेऊन घरी आले. डॉक्टरांनी त्याच संध्याकाळी फोनवर सांगितलं, "खोकला रेकॉर्ड करून पाठव." तो खोकला अजूनही पुरता गेलेला नाही. डिसेंबरात बाबा गेले. मृत्यूच्या दाखल्यावर न्यूमोनिया असं लिहिलं; कोरोना हे नाव तेव्हा कुणी ऐकलंही नव्हतं.

तो आजार मीच घरात आणला का, एवढंच मला कळायला हवं होतं.

काल ते रेकॉर्डिंग पहिल्यांदा हेडफोन लावून ऐकलं. मी अकरा वेळा खोकले होते. प्रत्येक वेळी बरोबर दोन सेकंदांनी आतल्या खोलीत आणखी कुणीतरी खोकत होतं.

म्हणजे बाबा आधीपासून आजारी होते! माझा जीव भांड्यात पडला. मी आईला ऐकवलं.

"बाबाच ना?"

"छे गं! ते तुझी औषधं आणायला गेले होते. घरात आपण दोघीच."

"मग हे कोण?"

आईचा कांदा चिरणारा हात थांबला नाही.

"तो होय? तो तू यायच्या आधीपासून आहे. तेव्हा बाबांच्या उशाशी बसायचा. हल्ली तुझ्या बसतो. मला वाटलं, तुला ठाऊक आहे."