डावी पापणी

"डावा डोळा नीट उघड."

"उघडाच आहे."

"अगं, निम्मा मिटलाय. व्हिसाचा फोटो आहे, असला चालणार नाही."

बायकोने स्टुलावर ताठ बसून डोळे वटारले. उजवा वटारला गेला. डावा होता तसाच राहिला. फोटोवाल्याने कॅमेरा बाजूला केला आणि नुसत्या डोळ्यांनी पाहिलं. पापणी खरंच खाली होती.

स्टुडिओ दोघांचा होता. तो फोटो काढायचा, ती कॉम्प्युटरवर टचिंग करायची. गिऱ्हाइकाचे डाग, सुरकुत्या, वाकडं नाक, सगळं तिच्या हाताखालून सरळ होऊन बाहेर पडायचं. "तुम्ही माणूस आणून बसवा, नवरदेव मी करून देते," असं ती म्हणायची आणि त्यात बढाई नव्हती.

नसांच्या डॉक्टरांनी आधी खोलीतले दिवे मालवले, मग लावले. मग तिला दोन मजले चढून यायला सांगितलं. ती धापा टाकत परत आली तेव्हा कपाळाची उजवी बाजू घामाने डबडबली होती. डावी कोरडी ठणठणीत.

"अंधारात तुमची उजवी बाहुली मोठी होते, डावी बारीकच राहते," डॉक्टर म्हणाल्या. "घाम, बाहुली, पापणी ही कामं काही नसा आपल्याला न विचारता करत असतात. त्यातली एक छातीच्या वरच्या टोकापाशी वळसा घालून मानेतून डोळ्याकडे जाते. तिथे काही वाढत असलं आणि तिच्यावर दाब आला, तर असं होतं. स्कॅन करावा लागेल. गाठ निघाली तर लगेच ऑपरेशन."

"आणि लहानपणापासूनच असलं तर?" बायकोने विचारलं.

"मग घाबरायचं कारण नाही. असतं काहीजणांना. तुम्हाला कधीपासून आहे?"

बायकोने नवऱ्याकडे पाहिलं. गावातल्या कुठल्या माणसाचा कुठला कान खाली आहे, हे तो झोपेतही सांगू शकला असता. बायकोची पापणी काही आठवेना. दिव्याखाली अंधार म्हणतात तो हा. त्याला स्वतःची लाज वाटली.

"फोटोग्राफर आहात ना? मग जुने फोटो घेऊन या," डॉक्टर म्हणाल्या. "तेच सांगतील."

दुकानाचं शटर वर केल्यावर ती म्हणाली, "माझी आई दवाखान्यात स्वतःच्या पायांनी चालत गेली होती. छाती उघडली आणि परत दिली ती चादरीत गुंडाळून."

"त्याला तीस वर्षं झाली. आता तसं राहिलं नाही."

"लेकीला सातवा लागलाय. तिकडे परदेशात जाऊन तिचं बाळंतपण मी करणार. मग माझं काय व्हायचं ते होऊ दे."

"अभद्र बोलू नकोस."

अल्बम तो काढणार होता, पण तिने कपाटाला हात लावू दिला नाही. "तुम्हाला काखेतला कळसा दिसायचा नाही. मी बघते." दोन दिवस ती कॉम्प्युटरपुढून हलली नाही. तो मुकाट्याने चहा नेऊन ठेवत होता. विचारायची हिंमत होत नव्हती.

तिसऱ्या दिवशी तिने एक पाकीट पुढे केलं. "अल्बम दमट होऊन चिकटलेत. स्कॅन करून कॉप्या काढल्यात."

तीन फोटो होते. लग्नाआधीचा, दुकान उघडलं त्या दिवशीचा, आणि तान्ह्या लेकीला घेतलेला. त्याने भिंग लावलं. तिन्हींत डावी पापणी किंचित खाली होती. त्याला हुंदका आला, तो त्याने लपवलाही नाही.

"आता रडायला काय झालं?" ती म्हणाली. "बरंच झालं की."

डॉक्टरांनीही फोटो खिडकीशी नेऊन पाहिले. "बाहुलीसुद्धा बारीक दिसतेय. छान आलेत फोटो. घामाचं काय?"

"एकाच बाजूला येतो. अगदी शाळेपासून."

"मग स्कॅनची घाई नको. लेकीकडून आलात की एकदा दाखवून जा."

फोटोवाल्याचा जीव भांड्यात पडला. त्या संध्याकाळी त्याने दुकान लवकर बंद केलं आणि दोघं नदीवर फिरून आली. ती त्याचा हात धरून चालली. लग्नाला सव्वीस वर्षं झाली होती, भर रस्त्यात तिने असा हात कधी धरला नव्हता.

पुढच्या महिन्यात ती विमानात बसली. तिकडे नात झाली. फोनवर बायको मांडीवरचं गाठोडं कॅमेऱ्यापुढे धरून दाखवायची आणि हसायची. तिचा आवाज बसला होता.

"जागरणं," ती म्हणाली. "तुमची नात आहे ना, गप्प कशी बसेल!"

"बाबा, आईला जरा ओरडा," मागून लेक म्हणाली. "नीट जेवत नाही. किती वाळलीय."

"इकडे आली की खाईल," तो म्हणाला.

बायको यायच्या आधी तिला काहीतरी द्यावं असं त्याच्या मनात आलं. तान्ह्या लेकीला घेतलेला तो फोटो चांगला दारभर मोठा करून दुकानात लावायचा. त्या फोटोनेच तर तिला वाचवलं होतं. कॉपी इतकी मोठी केली असती तर फुटली असती, म्हणून तो माळ्यावर चढला आणि निगेटिव्हची खोकी खाली काढली. तारखेवरून पाकीट लगेच सापडलं. त्याने पट्टी दोन बोटांत धरून ट्यूबलाइटपुढे नेली.

उलट्या काळ्या-पांढऱ्यात चेहरा वाचण्यात त्याचा जन्म गेला होता. निगेटिव्हमधली बायको लेकीला घेऊन थेट त्याच्याकडे बघत होती, आणि तिचे दोन्ही डोळे सताड उघडे होते, अगदी एकसारखे.