अकरांतला एक

“आधी ट्रंक, मग तू! आणि सर्टिफिकेटं खिशात ठेव रे, ट्रंकेत नको!” रावजी मास्तर रत्नागिरीच्या बंदरावरून ओरडत होते. विठू आगबोटीपर्यंत नेणाऱ्या पडावात चढला. आगबोट बाहेर खोल पाण्यात उभी होती. या मोसमातली शेवटची. उद्यापासून पावसाळ्यापुरत्या बोटी बंद, त्या थेट नारळी पुनवेनंतर.

मॅट्रिकचा निकाल लागायला अजून पंधरा दिवस होते. पण विठू शिष्यवृत्ती घेणारच, नाहीतर मिशी उतरवीन, असं मास्तर गावभर सांगत सुटले होते.

त्यांच्या कोटात शिक्षणखात्याचा कागद होता. सन १९२१ ते ३१, शिष्यवृत्ती मिळवलेली मुलं आणि त्यांतली मोठ्या कॉलेजांत गेलेली. पुण्याची एक शाळा : अकरांतली नऊ. मास्तरांची शाळा : अकरांतला एक. खाली साहेबाचा शेरा, ‘कोकणातल्या मुलांना पुढे शिकण्याची हौस दिसत नाही.’

हौस! अरे, निकाल लागतो तेव्हा बोटी बंद, आणि बोटी सुरू होतात तेव्हा कॉलेजात जागा नाही. घाट चढून कोल्हापूरमार्गे जायचं तर भाडं काय साहेबाचा बाप देणार? पुण्याचं पोर घरून जेवून चालत कॉलेजात जातं, आणि आमच्या पोरांना म्हणे हौस नाही! आठ दिवस मास्तर हेच बडबडत होते, बायकोपाशी, शिपायापाशी, कुणी नसलं तर भिंतीपाशी. मग त्यांनी ठरवलं, यंदा निकालाची वाटच बघायची नाही. पोरगा आधी मुंबईला पोचवायचा, निकाल मागून तारेने कळवायचा.

विठूच्या बापाला, काशीरामला, पटवायला चार खेपा झाल्या. चौथ्या खेपेला तो एकदम हो म्हणाला.

पडाव सुटला. विठूने हसून हात हलवला.

“काशीराम, अकरांतला एक होता. आता बारांतले दोन!” मास्तरांना आनंद आवरेना.

शेजारी उभ्या काशीरामला त्यातलं काही कळलं नाही. त्याने हात जोडले. “मास्तरांनू, मोठे उपकार झाले. ह्याच्या मामानं मुंबैत शेटच्या गुदामात जागा बघून ठेवलीय. सोमवारपास्नं कामाला. तुमी बोटीची घाई केलीत म्हणून बरं, नायतर पावसाळाभर नोकरी कोण राखून ठेवतो?”

“नोकरी? अरे, शिष्यवृत्ती मिळेल त्याला! सगळं भागेल!”

“त्याचं भागल. घरात सहा तोंडं हायत, त्यांचं काय?”

“विठूला ठाऊक आहे हे?”

“मामा सांगल.”

मास्तर पाण्यापर्यंत धावले. “ए तांडेल! पडाव फिरव! माघारी आण त्याला!”

वल्ही थांबली. पडावातली सगळी माणसं वळून बघायला लागली. विठूही. मास्तरांचा हात वरच राहिला. माघारी आणून करायचं काय? तीन महिने इथेच अडकणार. कॉलेज तसंही गेलं आणि नोकरीही गेली.

“जाऊ दे,” ते म्हणाले. कुणाला ऐकू गेलं नाही, म्हणून पुन्हा ओरडून म्हणाले. तांडेलाने शिवी हासडून पडाव पुढे काढला. मास्तरांच्या डोळ्यांत पाणी आलं, निव्वळ संतापाचं.

काशीराम हळूच जवळ आला.

“निकालाची तार तेवढी मामाच्या पत्त्यावर करा हां, मास्तरांनू. पहिला नंबर आला तर शेट त्याला गुदामातून उचलून थेट पेढीवर बसवणार हायत.”