भाजून ठेवलेला राब

डॉक्टरनं पडद्यावर ओलीटाच्या मेंदूचं चित्र लावलं आणि मागच्या बाजूच्या एका पांढऱ्या ठिपक्यावर पेन टेकवलं.

"फुप्फुसातला कॅन्सर इथे आलाय, बाई."

"धूर ओढला छातीनं, आणि हा मेला डोक्यात कशाला कडमडला?"

"आई, त्यांना बोलू दे," लेक नेल्डा म्हणाली.

"मी काय त्याचं तोंड धरलंय?"

डॉक्टर पोरसवदाच होता, पण घाईतला नव्हता. म्हणाला, याचे कण रक्तातून सगळीकडे जातात. बहुतेक मरतात. जिथली जागा मानवते, तिथेच धरतात. कधीकधी तर छातीतली गाठ आधीच रक्तातून काहीबाही पाठवून ती जागा तयार करून ठेवते. कण मागून येतात.

ओलीटाला आपला राब आठवला. अमेरिकेतल्या केंटकीच्या डोंगराआड तिनं जन्मभर तंबाखू लावली होती. आधी रोपांसाठी राब भाजायचा. लाकडं रचून जाळायची, तणाचं बी मरेपर्यंत. मग धुळीसारखं बारीक बी राखेत कालवून फेकायचं आणि वर पांढरं कापड ताणायचं. न भाजलेल्या जागेत ते धरत नाही.

"हल्ली तुम्हाला काही दिसतं का? नसलेलं?" डॉक्टरनं विचारलं.

ती तोंड उघडायच्या आत नेल्डाच बोलली. "ड्यूई दिसतो. माझा भाऊ. मी जन्मायच्या आधीच तापानं गेला, चार वर्षांचा होता. ही त्याच्यासाठी ताकात मक्याची भाकरी कुस्करून ठेवते. मी ओतून देते."

"चुलीपाशी उभा असतो," ओलीटा म्हणाली. "घोट्यापर्यंत राख. एक फोटो नव्हता रे त्याचा आमच्याकडे. चेहरा विसरले होते मी. आई असून. आता हनुवटीवरची खळीसुद्धा दिसते."

डॉक्टरनं ठिपक्याकडे पाहिलं. "चेहरे ओळखायची जागा आहे ती, तिच्या अगदी लगत. किरणांचा शेक दिला तर सूज ओसरेल. ख्रिसमसपर्यंत जाल, कदाचित पुढेही. नाही दिला, तर पानगळसुद्धा दिसणार नाही."

"आणि तो?"

डॉक्टर पेनाचं टोपण काढत-लावत राहिला. "तो यायचा थांबेल."

"एवढं डोकं पडलं होतं. तिथेच का धरलं यानं?"

"ते आम्हाला नाही सांगता येत, बाई."

ओलीटानं हात डोक्यामागे नेला आणि ती जागा चाचपली, राब निवाला की नाही ते पाहायला राखेवर तळवा ठेवतात तशी.

"शेक नको," ती म्हणाली.

नेल्डा ताडकन उठली. "आणि मी गं? रोज समोर बसते तुझ्या. माझा चेहरा दिसतो का तुला?"

"तू कुठं चाललीयस? तू आहेस की."

"तू चाललीयस!"

ओलीटानं पर्स काखोटीला मारली. "चल. ऊन चढतंय."

गाडीपाशी आल्यावर नेल्डानं आईला पुढे बसवलं, पट्टा लावला. एवढा राग आला होता की दार धाडकन लोटणारच होती.

"थांब!"

"आता काय?"

"हळू. त्याची बोटं आहेत तिथं."

नेल्डा दार धरून उभी राहिली. समोर रिकामा रस्ता, तापलेली गाडी, आणि आईची नजर तिच्या कमरेएवढ्या उंचीवर खिळलेली.

तिनं मागचं दार उघडलं.

"चढ, दादा," ती म्हणाली, आणि आईनं मान हलवेपर्यंत दार धरून उन्हात उभी राहिली.